लाईट गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

पुण्यात ‘लाईट गेली’, कुठं ‘लाईट गेले’, विदर्भात ‘लाईन गेली’. शब्दाच्या लिंगावर महाराष्ट्राचं एकमत व्हायचं नाही, पण गेल्यानंतरची पहिली हालचाल सगळीकडे एकच. खिडकी नाहीतर गच्ची गाठायची आणि समोरच्यांची आहे का ते बघायचं. शेजाऱ्याचीही गेली असेल तर जिवाला जरा बरं वाटतं, हा भाग वेगळा. पण कुणाची गेली, कुणाची राहिली आणि राहिलेली लख्ख आहे की मिणमिणती, एवढं नीट पाहिलं तर फ्यूज कुठला उडाला, तार कुठली सुटली हे खांबावर न चढताही बरंचसं सांगता येतं. त्यासाठी गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या डीपीची ओळख मात्र हवी.

डीपी म्हणजे डबल पोल. दोन खांब, त्यांच्यामध्ये आडवे लोखंडी चॅनेल आणि चॅनेलवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. पुढं ते नाव ट्रान्सफॉर्मरलाच चिकटलं, मग खालच्या फ्यूजच्या पेटीलाही. सरकारी पत्रात त्याचं रोहित्र होतं. ‘आमच्या वस्तीचे रोहित्र नादुरुस्त आहे’ असा अर्ज लिहिणारा माणूसही कचेरीच्या बाहेर आल्यावर डीपी जळाली असंच म्हणतो.

ही डीपी वरून खाली वाचायची. सगळ्यांत वर तीन तारा येतात, ११ हजार व्होल्टच्या. पुण्यात बऱ्याच भागांत २२ हजारांच्या. उपकेंद्रातून निघालेली ही लाईन म्हणजे फीडर. तिच्यात न्यूट्रलची, म्हणजे करंटच्या परतीची, चौथी तार नसते, त्यामुळे तीनच तारा आणि त्यांना पेलणारे मोठाले इन्सुलेटर दिसले की ती उच्चदाबाची समजावी. तिच्याखाली एबी स्विच, म्हणजे हवेत उघडणारी तीन पाती. त्याचा दांडा खांबाच्या कडेनं खाली येतो आणि हँडलला कुलूप असतं. मग तीन डीओ. ड्रॉप आउटचं हे लघुरूप फार बोलकं आहे. नळीत फ्यूजची बारीक तार ताणून बसवलेली असते. ती वितळली की नळीची वरची पकड सुटते आणि नळी खाली लोंबते. रस्त्यावरून मान वर केली तरी कुठली उडाली ते दिसतं. शेजारी प्रत्येक तारेला एक लायटनिंग अरेस्टर, विजेचा लोळ तारेवर आला तर त्याला जमिनीची वाट देणारा. आणि मग ट्रान्सफॉर्मरची टाकी. तिच्यावर तार आत नेणारे चिनीमातीचे तीन उंच बुशिंग, ११ हजारांचे, आणि चार बुटके, आपल्या घराकडे येणाऱ्या चार तारांचे.

एवढा खटाटोप कशासाठी, याचा हिशेब सोपा आहे. १०० केव्हीएचा (केव्हीए हे त्याच्या क्षमतेचं माप) ट्रान्सफॉर्मर पूर्ण भरला तर घराच्या बाजूला प्रत्येक फेजमध्ये, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी प्रत्येकीत, साधारण १३३ अँपिअर वाहतात. तीच वीज ११ हजार व्होल्टच्या बाजूला फक्त सव्वापाच अँपिअरमध्ये येते. तारेत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे पंचवीसपट करंटला सव्वासहाशेपट नुकसान. उपकेंद्रापासून थेट २३० व्होल्टच आणायचे ठरवले असते तर मनगटाएवढ्या तारा टाकूनही शेवटच्या घरातला बल्ब लालच राहिला असता. म्हणून दाब, म्हणजे व्होल्टेज, शेवटच्या काही शे मीटरपर्यंत चढाच ठेवायचा आणि दाराशी आल्यावर उतरवायचा.

उतरवणाऱ्या यंत्रात हलणारा एकही भाग नाही. सिलिकॉन पोलादाच्या पातळ पत्र्यांचा गाभा, त्यावर कमी दाबाची थोड्या वेढ्यांची जाड गुंडाळी, तिच्यावर उच्चदाबाची बारीक तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी, आणि सगळं तेलात बुडवलेलं. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या तीन अभियंत्यांनी १८८५ मध्ये बंद गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर केला. त्यानंतर पोलाद सुधारलं, कल्पना तीच राहिली. डीपीखालून जाताना जी घूं ऐकू येते ती त्या पत्र्यांची. चुंबकत्वामुळे पोलाद अगदी सूक्ष्म लांबतं-आखडतं, एका सेकंदाला शंभर वेळा. करंट पन्नास फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्यात हे दोनदा होतं. ही घूं सम असेल तर काळजी नको. तिच्यात चरचर किंवा तडतड मिसळली तर कुठंतरी जोड ढिला आहे.

तेलाचं काम दुहेरी. ते गुंडाळ्यांना एकमेकींपासून तोडून ठेवतं आणि त्यांची उष्णता टाकीच्या नळ्यांपर्यंत वाहून नेतं. तेल तापलं की फुगतं, रात्री निवलं की आकसतं, आणि आकसताना बाहेरची हवा आत ओढतं. त्या हवेतला दमट अंश तेलात उतरू नये म्हणून श्वासाच्या वाटेवर सिलिका जेलची बाटली लावलेली असते, ब्रीदर. जेल कोरडं असताना निळं, पाणी पिऊन भरलं की गुलाबी. नव्या प्रकारचं नारंगीचं हिरवं होतं. रस्त्यावरून दिसणारी ही सगळ्यांत स्वस्त तब्येत-तपासणी आहे, आणि गुलाबी झालेलं जेल वर्षानुवर्षं तसंच लटकताना दिसतं.

पेटीतल्या किटकॅट, म्हणजे हातानं काढता-घालता येणाऱ्या फ्यूजमधून निघून चार तारा गल्लीत शिरतात: लाल, पिवळा, निळा हे तीन फेज आणि चौथी न्यूट्रल. पथदिव्यांसाठी पाचवी असते. नावं रंगांची असली तरी तारा सगळ्या करड्याच, पोलादाच्या एका धाग्याभोवती ॲल्युमिनियमचे सहा धागे गुंडाळलेल्या. त्यांच्या जाडीला प्राण्यांची नावं आहेत: स्क्विरल, वीझल, रॅबिट. उपकेंद्रात ‘इथं वीझल काढून रॅबिट टाका’ असं कुणी म्हणालं तर दचकू नये, ३० चौरस मिलिमीटरची तार काढून ५० ची टाकायचं चाललेलं असतं. दोन फेजच्या मध्ये ४०० व्होल्ट, कुठल्याही फेजच्या आणि न्यूट्रलच्या मध्ये २३०. साध्या घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळते. घरं तिन्ही फेजवर सारखी वाटायची असतात.

आता अंधार वाचायला हरकत नाही.

फक्त आपलंच घर अंधारात असेल तर बिघाड आपल्या मीटरपासून आपल्या खांबापर्यंतच्या टप्प्यात. घरातली एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, पडलेली नसेल तर संशय खांबावरच्या जोडावर. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर जिथं भिंतीत शिरते तिथं ती आधी खाली सोडून मग वर न्यायची असते, म्हणजे पावसाचं पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून पडतं. वळसा न ठेवता तार सरळ आणली की पाणी तारेवरून घरंगळत मीटरमध्येच जातं.

दोनाआड एक असं घर अंधारात, म्हणजे दर तिसरं घर गेलंय आणि बाकीच्यांची लख्ख आहे, तर डीपीच्या पेटीतला एक किटकॅट उडाला. ‘एक फेज गेला’ तो हाच. इथं गल्लीत लगेच एक उद्योग सुरू होतो: वायरमनला गाठून आपलं घर चालू फेजवर टाकून घेणं. दहा जणांनी तसं केलं की रात्री तो फेजही उडतो.

तिसरा नमुना फसवा आहे. एक तृतीयांश घरं नेहमीसारखी आणि उरलेल्या दोन तृतीयांशांत सगळं मिणमिण. हे खालच्या फ्यूजचं काम नव्हे, वर एक डीओ लोंबत असणार. ट्रान्सफॉर्मरची उच्चदाबाची बाजू त्रिकोणात जोडलेली असते. एक कोपरा तुटला की एका गुंडाळीला पूर्ण दाब मिळतो आणि उरलेल्या दोन एकामागोमाग एक जोडल्या जातात. २३० व्होल्ट त्या दोन फेजांत वाटले जातात, साधारण निम्मे निम्मे. पूर्वी पिवळा बल्ब लाल पडायचा आणि लगेच कळायचं. आताचे एलईडी बल्ब शंभर-सव्वाशे व्होल्टवरही बऱ्यापैकी उजेड देतात, त्यामुळे माणूस फसतो. पंखा बघावा. तो रेंगाळत असेल तर फ्रिजचा प्लग काढा, कारण निम्म्या दाबावर कॉम्प्रेसर फिरत नाही, नुसता करंट ओढत तापत राहतो.

चौथा नमुना ओळखता आलाच पाहिजे. काही घरांत दिवे भगभगीत, काहींत मंद, आणि कुणी मिक्सर लावला, कुणी इस्त्री बंद केली की ही तऱ्हा बदलते. न्यूट्रल तुटली. गल्लीत हे काही मिनिटं चाललं तरी टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, चार्जर असा एकेक बळी जातो. कारण समजायला दोनच घरं घेऊ. एकात लाल फेजवर हजार वॉटची इस्त्री, दुसऱ्यात पिवळ्यावर शंभर वॉटचं सामान. न्यूट्रल शाबूत असताना दोघांना २३०. ती तुटली की दोन्ही घरं एकाच माळेत ओवली जातात आणि माळेच्या दोन टोकांना ४०० व्होल्ट. कमी सामानाच्या घराचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, दहापट, म्हणून दाबातला मोठा वाटाही त्याचाच: त्याला सुमारे ३६४ व्होल्ट, इस्त्रीवाल्याला ३६. ज्यानं बिचाऱ्यानं एकच दिवा लावला होता त्याचंच नुकसान. एमसीबी इथं कामाची नाही, कारण तिला जादा करंट कळतो, जादा व्होल्टेज कळत नाही. गळतीवर उघडणारी आरसीसीबीसुद्धा यासाठी नाही. जादा-कमी दाबावर तोडणारं उपकरण वेगळं मिळतं, ते मीटरनंतर लावता येतं. ते नसेल तर दिवा भगभगला की मेन स्विच बंद करायचा, आणि मग १९१२ या तक्रार क्रमांकाला फोन.

न्यूट्रल का तुटते, याचं उत्तर तिच्याकडे कुणी बघत नाही हेच. तिन्ही फेजवर भार सारखा असेल तर परतीचा करंट एकमेकांत विरतो आणि न्यूट्रल जवळजवळ रिकामी राहते. वाटणी बिघडली की ती भरते, ढिल्या जोडावर तापते, आणि एक दिवस ट्रान्सफॉर्मरच्या स्टडपाशी, म्हणजे तार बसवायच्या बोल्टपाशी, लग (तारेच्या टोकाची चकती) जळून सुटतो. शेवटच्या घराच्या कमी व्होल्टेजमागेही बऱ्याचदा तीच. वीझल तारेचा रोध किलोमीटरला ०.९ ओहमच्या जरा वर. डीपीपासून ३०० मीटरवर ४० अँपिअरचा भार एकाच फेजवर टाकला तर जाताना ११ व्होल्ट पडतात आणि न्यूट्रलमधून परतताना आणखी ११. तिन्ही फेज समान असते तर परतीचे ११ पडलेच नसते. नवा ट्रान्सफॉर्मर मागण्याआधी भाराची वाटणी तपासावी ती यासाठी. त्याला लागतात तारेभोवती अडकवून करंट मोजणारं एक क्लॅम्प मीटर, संध्याकाळी सातनंतरचा अर्धा तास आणि खांबाखांबावर जोड बदलण्याची तयारी.

सगळा परिसरच अंधारात गेला तर बिघाड फीडरवर. आणि इथं तो जुना वाद येतो: दोन थेंब पडले की लाईट जाते, मग ढगफुटी झाली तर काय? खरं म्हणजे पहिले दोन थेंबच वाईट. उन्हाळाभर इन्सुलेटरवर धूळ आणि धूर बसतो, कोकणात खारं वारं. कोरडी असताना ही पुटं निरुपद्रवी असतात. पहिल्या शिडकाव्यानं त्यांचा चिखल होतो, पण ती धुऊन जात नाहीत, आणि त्या ओल्या थरावरून करंट खांबाकडे सरकतो. तापलेल्या चिनीमातीला गेलेली बारीक चीरही पाणी शिरेपर्यंत गप्प असते. नंतर जुलैची झड लागली की हेच इन्सुलेटर धुऊन निघतात आणि निमूटपणे काम करतात. गळती झाली की उपकेंद्रातला ब्रेकर क्षणात पडतो. लाईन पुन्हा एकदा चालू करून बघतात. परत पडली तर एबी स्विच उघडून लाईनचे तुकडे करायचे, एकेक तुकडा चार्ज करत दोषी तुकडा शोधायचा आणि मग बॅटरी घेऊन खांब न् खांब पालथा घालायचा. तडकलेला इन्सुलेटर अंधारात, पावसात, खालून शोधणं म्हणजे काय हे ‘अजून किती वेळ?’ विचारताना ध्यानात असलेलं बरं. पुण्यात गुरुवारी सकाळी वीज बंद ठेवून फांद्या तोडतात त्यावर कुरकुर होते, पण त्या फांद्या जूनच्या वाऱ्यात तारेवर टेकल्या की अख्खा फीडर जातो.

ट्रान्सफॉर्मर जळतो तो मात्र सहसा एका रात्रीत नाही. क्रम बहुधा असा: कमी दाबाच्या स्टडवरचा लग ढिला होतो, तो तापतो, खालचं रबरी गॅस्केट भाजतं, तेल पाझरतं, टाकीवर काळा तेलकट ओघळ उतरतो. पातळी हळूहळू खाली जाते, गुंडाळीचं वरचं टोक उघडं पडतं आणि एखाद्या दमट रात्री आत ठिणगी पडते. ओघळ दिसला त्या दिवशी पान्हा लावला असता तर काम अर्ध्या तासाचं होतं. तेल आणि गुंडाळीतलं तांबं चोरणारे लोक ही अवस्था एका फेरीत आणतात, ते वेगळं.

मे महिन्यात डीपी रात्री बारानंतर का बसतात, याचंही उत्तर तेलातच आहे. एक टनाचा एसी साधारण ५ अँपिअर घेतो. १०० केव्हीएच्या एका फेजवर पंचवीस एसी लागले की जागा संपली. पण एवढं तेल तापायला काही तास जातात, म्हणून नऊ वाजता सुरू झालेल्या चैनीचं बिल मध्यरात्री येतं.

आणि मग किटकॅटमध्ये घातलेली ती तार. कल्हई केलेल्या तांब्याची ठरावीक जाडीची तार जळून जाण्यासाठीच असते. ती सारखी उडते म्हणून तिच्या जागी ॲल्युमिनियम तारेचे दोन पदर पिळून घातले की फ्यूज कधीच उडत नाही, हे खरंच. पुढच्या वेळी गल्लीत तारा एकमेकींना लागतात तेव्हा फ्यूजऐवजी गुंडाळी जळते. सहज मिळणाऱ्या तारेसाठी संबंध ट्रान्सफॉर्मर घालवण्याचा हा प्रकार अज्ञानातून कमी आणि घाईतून जास्त होतो.

शेतातल्या डीपीची गत आणखी वेगळी. ५ एचपीचा पंप चालताना ७-८ अँपिअर घेतो, सुरू होताना त्याच्या पाच-सहापट. १०० केव्हीएवर सोळा पंप गुण्यागोविंदानं चालतात, पण एकदम सुरू झाले तर सहाशेच्या वर अँपिअर मागतात. रात्री वीज आली की पंप आपोआप चालू व्हावा म्हणून प्रत्येकानं ऑटोस्विच लावलेला असतो, आणि त्यामुळे नेमकं तेच होतं. डीओ उडाला तर नशीब. स्विच काढायचा नसेल तर निदान त्याला वेळ लावावी, प्रत्येकाची निराळी. पंपाला लागणारा काही करंट जागच्या जागी पुरवणारा २ केव्हीएआर मापाचा कॅपॅसिटर लावला तर एखादा अँपिअर वाचतो; सोळा जणांनी लावला तर दोन पंपांची जागा मोकळी होते. म्हणूनच आता बऱ्याच ठिकाणी एक-दोन पंपांना मिळून १०, १६ किंवा २५ केव्हीएचा छोटा ट्रान्सफॉर्मर देतात आणि ११ हजारांची लाईनच बांधापर्यंत नेतात. आकडा टाकायला मधे कमी दाबाची उघडी तार उरत नाही, हाही त्यातला हेतू.

जिवावरच्या गोष्टी थोड्याच, पण पाठ असाव्यात. घरचा जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय, म्हणजे बाहेरची लाईन आधी तोडणाऱ्या स्विचशिवाय, सॉकेटमध्ये खुपसला तर त्याचे २३० व्होल्ट सर्व्हिस वायरवरून उलटे डीपीत जातात आणि तोच ट्रान्सफॉर्मर त्यांचे ११ हजार करतो. वर ‘बंद’ लाईनवर माणूस काम करत असतो. म्हणून जाणता लाईनमन एबी स्विच उघडल्यावरही डिस्चार्ज रॉड लावून तिन्ही तारा एकत्र करून अर्थ केल्याशिवाय हात लावत नाही. तार तुटून पडली असेल तर तिच्याभोवतीच्या जमिनीतही दाब पसरलेला असतो, पावलागणिक वेगळा. माणसानं तिथून पाय जोडून, न उचलता, घासत मागं सरकायचं. गुरं मरतात ती त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त म्हणून. खांबाच्या ताणाला, म्हणजे त्या तिरक्या तारेला, बैल बांधू नये. तिच्यात मधे चिनीमातीचा अंड्यासारखा गोटा असतो तो यासाठीच, पण तो शाबूत आहे का हे खालून कळत नाही. आणि मजला चढवताना ११ हजारांच्या तारेपासून आडवं १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर अंतर सोडणं हा कायदा आहे. खांब नंतर हलत नाहीत, आणि हलले तर पैसे घरमालकाचे.

राहिलं अर्थिंग. चांगल्या डीपीजवळ तीन खड्डे असतात: न्यूट्रलसाठी, अरेस्टरसाठी आणि टाकी-हँडलसारख्या लोखंडी भागांसाठी. प्रत्येकात पाइप उभा गाडून भोवती मीठ आणि कोळशाचे थर दिलेले. तुटलेल्या न्यूट्रलचा मार थोडा कमी व्हावा, अरेस्टरनं लोळ जिरवावा, हे सगळं त्या खड्ड्यातली माती ओली असण्यावर आहे. उन्हाळ्यात ती वाळते आणि रोध कितीतरी पट चढतो, म्हणून वळवाच्या विजा सुरू होण्याआधी लाईनमननं खड्ड्यात तीन-चार बादल्या पाणी ओतायचं असतं. ते ओतता यावं म्हणून पाइपच्या तोंडाशी नरसाळं ठेवलेलं असतं. शहरात फुटपाथचं सुशोभीकरण झालं की त्या नरसाळ्यावर पेव्हर ब्लॉक बसतो.